शांत खोलीचं काम

"एका रविवारचं काम आहे," सुतारदादांनी बायकोला सांगितलं. "संध्याकाळपर्यंत खोली इतकी शांत करतो, की टाचणी पडली तरी दचकशील."

बायकोच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण कारण रास्त होतं. त्यांची पाच वर्षांची चिमी बेल वाजली की कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरायची आणि ट्यूबलाइटखाली डोळे किलकिले करून बसायची. तिला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, की बसायच्या खोलीतला गोंगाट आणि झगझगाट कमी करा, पोरीला घरात तरी निवांत वाटू दे.

रविवारी दादांनी बाह्या सरसावल्या. बेलची वायर काढली. दोघांचे मोबाइल मुके करून कपाटात टाकले. ट्यूब उतरवून मंद पिवळा दिवा लावला. मग दार सताड उघडून त्याला आतून जाड फोम ठोकला, दार लावलं आणि पडद्याच्या दांडीसाठी भिंतीत ड्रिल घातलं. घर दाढ काढल्यासारखं थरथरलं.

दांडीचं एक टोक बसल्यावर पडदा दाखवायला त्यांनी चिमीला हाक मारली. उत्तर नाही. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ती तर तुमच्याजवळ होती."

मग जी पळापळ झाली! टेबलाखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, वॉशिंग मशीन तर दोनदा उघडलं. हाका मारून मारून दादांचा घसा बसला, बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. शेवटी दादा अनवाणीच रस्त्यावर धावायला निघाले आणि त्यांनी दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर शेजारच्या शिंपीणकाकू बेलवर बोट दाबून उभ्या होत्या.

"काकू, आमची चिमी दिसली का कुठे?"

"हळू बोला," काकू कुजबुजल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

तेव्हा कुठे दादांना काकूंच्या खांद्यावरची चिमी दिसली. ठोकाठोक सुरू होताच ती उघड्या दारातून निसटली आणि काकूंच्या कापडांच्या ढिगात जाऊन बसली होती. रविवार म्हणून त्यांचं मशीन बंद होतं. काकूंनी तीनदा फोन केला, पाव तास बेल दाबली, दारही वाजवलं. पण उशीला थापट्या माराव्यात तसा आवाज. बायको तिथेच मटकन बसली, रडता रडता हसायला लागली. दादांनी लेकीला अलगद उचलून घेतलं.

संध्याकाळी चिमीला जाग आली. पिवळ्या उजेडात तिने खोलीभर नजर फिरवली, पडदा गालाला लावून पाहिला आणि सतरंजीवर ऐसपैस पसरली.

"बाबा, काम संपलं?"

"संपलं गं बाई."

दांडीचं दुसरं टोक तेव्हा कपाटाच्या मुठीला सुतळीने बांधलेलं होतं. अजूनही तसंच आहे. नवरा काय करतो असं पाहुण्यांनी विचारलं, की बायको हल्ली चहा ठेवायला उठते.