पाचपैकी पाच पानं

एका जंगलात, मुलांनो, एक वाचनालय होतं. आता जरा नीट मांडी घालून बसा, कारण वाचनालयाची गोष्ट म्हटली की निम्मे श्रोते इथेच उठतात.

जे उरलात त्यांच्यासाठी सांगतो. वाचनालय होतं एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत. तिथले ग्रंथपाल दामोदर खवले. म्हणजे आपलं खवले मांजर, मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारं. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत खवले, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटायचं, चिलखत घातलेला कुणी सरदारच बसला आहे. पण कुणी नुसता आवाज चढवला तरी खवले अंगाचं वेटोळं करायचे आणि चेंडूसारखे पडून राहायचे. समोरचा गेला, की हळूच एक डोळा उघडून बघायचे.

पगार असा काही नव्हता. कपाटांना लागणारी वाळवी हेच जेवण. संध्याकाळी वाचक घरी गेले, की खवले आपली लांब जीभ फळ्यांच्या मागून फिरवायचे. पोट भरायचं आणि कपाटं साफ व्हायची. त्यामुळे त्या जंगलात कुणी वाचो न वाचो, पुस्तकं मात्र वाचत होती.

वाचक मोजकेच. अंबूबाई कासव नावाच्या निवृत्त शिक्षिका जाडजूड कादंबऱ्या न्यायच्या आणि सावकाश परत आणायच्या. बजाबा वानर वर्तमानपत्र वाचायला यायचा. परीक्षा जवळ आली की चार ससे यायचे. बाकी जंगलाला वाचनालयाचा अभिमान होता. अभिमान असला की प्रत्यक्ष यावं लागत नाही.

एके दिवशी राजदरबारातून टिटवीमॅडम आल्या. त्या परक्या जंगलात शिकून आल्या होत्या आणि आता साऱ्या वाचनालयांचा दर्जा ठरवत फिरत होत्या.

"तुमच्या सेवेचा दर्जा काय?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकं आहेत," खवले म्हणाले.

"तो साठा झाला. दर्जा म्हणजे वापरकर्त्यांचं समाधान."

"वापरकर्ता म्हणजे वाचक का?"

"वाचक हा शब्द आता जुना झाला. जो पुस्तकाचा वापर करतो तो वापरकर्ता. त्याने एकपासून पाचपर्यंत झाडाची पानं टोपलीत टाकायची. अगदी समाधान झालं तर पाच. आपण सरासरी काढायची."

"पण मी काम कसं करतो ते मलाच विचारलं तर?"

"तुम्ही काय, पाचच म्हणणार."

खवल्यांना ते पटलं. कारण त्यांच्या मनात पाचच होती. सर्वेक्षण व्हायच्या आधीच ओढ्याच्या पाण्यात बघून त्यांनी नम्र चेहरा करायचा सराव सुरू केला. "छे छे, माझं काय त्यात," असं ते पाण्याला सांगायचे, आणि पाण्यातले खवले लाजायचे.

टोपली उघडली. बजाबाने दोन पानं टाकली होती. वर्तमानपत्र मोठ्याने वाचू देत नाहीत, ही त्याची तक्रार. अंबूबाईंची तीन. उजेडासाठी ठेवलेले काजवे ऐन रंगात आल्यावर विझतात, असं त्यांचं म्हणणं. सशांनी एकेकच पान दिलं होतं. परीक्षेला येणारा प्रश्न नेमका कुठल्या पानावर आहे, हे ग्रंथपाल सांगत नाहीत म्हणून.

खवल्यांनी तिथल्या तिथे वेटोळं केलं. दुपारभर उलगडले नाहीत. बजाबाला वाटलं, वाचनालयाने नवं स्टूल आणलं. तो त्यांच्यावर बसून वर्तमानपत्र वाचत राहिला आणि जाताना म्हणाला, "चला, निदान बसायची सोय केली."

मुलांनो, दुसरा कुणी असता तर काजवे बदलून मोकळा झाला असता. पण खवल्यांना काजव्यांचं काही वाटलं नव्हतं. आपण कुणाला आवडत नाही, हे त्यांना लागलं होतं. त्यांनी ठरवलं, आता सगळ्यांना आवडायचं.

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात 'शांतता राखा' म्हणणं बंद झालं. सावरीच्या कापसाच्या गाद्या आल्या. करवंदाचं सरबत आलं. सशांसाठी गोट्या खेळायला जागा करायची होती, तेव्हा शब्दकोश बाहेर नेऊन ठेवले. पुस्तक वेळेत आणा असं कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलं. आणि अंबूबाई सोडल्या तर पुस्तक कुणी नेतच नसल्यामुळे ते पाळायला सोपं गेलं. पुढच्या सर्वेक्षणात सरासरी चारवर गेली.

खवल्यांनी नम्र चेहरा केला. पण टिटवीमॅडम खूश झाल्या नाहीत.

"नमुना फार लहान आहे," त्या म्हणाल्या. "पाच-सहा जणांच्या मतावर पहिला क्रमांक देता येत नाही. रोज येणारे, संख्येने मोठे असे वापरकर्ते नाहीत का तुमच्याकडे?"

खवल्यांची नजर कपाटामागे गेली. तिथून एक लांबच लांब रांग शिस्तीत चालली होती.

"आहेत तसे," ते चाचरत म्हणाले. "पण ते माझं जेवण आहे, मॅडम."

"पुस्तकाचा वापर करतात?"

"पुरेपूर."

"अर्धवट टाकून जातात का?"

"नाही. या पुठ्ठ्यापासून त्या पुठ्ठ्यापर्यंत जातात."

"मग झालं तर. असा वापरकर्ता मी तरी पाहिलेला नाही. आणि खवले, वापरकर्त्याला खाणं हे चांगल्या सेवेत बसत नाही."

खवल्यांनी जेवण सोडलं. सरबतावर राहू लागले. सुरुवातीला संध्याकाळी जीभ आपोआप कपाटाकडे वळायची, ती ते दोन्ही हातांनी आत ओढून धरायचे. पहिला क्रमांक नजरेसमोर असला की उपास जड जात नाही. पोटाला जातो, मनाला नाही.

सर्वेक्षणाच्या दिवशी वाळवीच्या वतीने एक ठेंगणी कामकरीण बोलायला आली.

"ग्रंथपालांची वागणूक कशी वाटते?" टिटवीमॅडमनी विचारलं.

"आधी फार धाक वाटायचा. आमची बरीच माणसं आत गेली ती परत आली नाहीत. हल्ली खूप सुधारलेत."

"पुस्तकांचा साठा?"

"उत्तम. संदर्भग्रंथ तर कोरेकरकरीत, कुणी हात लावलेला नसतो. कवितासंग्रह मात्र पातळ आहेत. घराला पुरत नाहीत."

"आणखी काही सूचना?"

"खालच्या फळीवर जरा ओल ठेवली तर लेकरांना बरं पडेल."

खवल्यांनी लगेच जाऊन खालच्या फळीवर पाणी शिंपडलं.

इथे सांगून टाकतो मुलांनो, तुम्हाला ही गोष्ट सांगणाऱ्याचंही एक पुस्तक त्या वाचनालयात होतं. इतकी वर्षं ते कुणी उघडलं नव्हतं. ते पहिल्यांदा उघडलं वाळवीने. तेसुद्धा तिने अर्ध्यावर सोडलं.

असो. निकाल लागला. लाखो वापरकर्त्यांनी पाचपैकी पाच पानं दिली होती. टोपली अपुरी पडली, ढोलीबाहेर पानांचा ढीग लागला. एवढं समाधान कुठल्याच जंगलात कुठल्याच वाचनालयाने दिलेलं नव्हतं. पहिला क्रमांक जाहीर झाला.

समारंभाच्या आदल्या दिवशी अंबूबाई आल्या. एका कादंबरीचा पहिला भाग त्यांनी वाचून संपवला होता.

"दामोदर, दुसरा भाग दे बघू. बिचारी नायिका नावेत बसली आहे आणि नदीला पूर आलाय. मला झोप नाही."

खवल्यांनी पुस्तक काढून दिलं. बाहेरून सुरेख होतं. अंबूबाईंनी उघडलं. आत मातीच्या बारीक बारीक गल्ल्या होत्या, आणि थोडा भुसा त्यांच्या पायावर सांडला. त्यांनी मागचं पान बघितलं. तेही नव्हतं.

"यात गोष्टच नाही रे," त्या म्हणाल्या.

खवल्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण इतके दिवस एकच वाक्य तोंडात बसलेलं, तेच बाहेर पडलं. "या सेवेबद्दल तुमचं कितपत समाधान झालं, अंबूबाई?"

अंबूबाईंनी रागावून बघितलंसुद्धा नाही. पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि त्या निघाल्या. दुसरं कुणी असतं तर पटकन दिसेनासं झालं असतं. पण कासवाचं जाणं ते. दुपारभर त्या जाताना दिसत राहिल्या, आणि खवल्यांना दुपारभर बघत राहावं लागलं. वेटोळंही करता येईना, कारण बाहेर समारंभासाठी मांडव घालायला लोक आले होते.

समारंभ छान झाला. खवल्यांना ढाल मिळाली, लाकडाची, वर 'आदर्श ग्रंथपाल दामोदर खवले' असं कोरलेलं. दरबाराने काटकसर म्हणून ती मऊ सावरीच्या लाकडाची केली होती. खवल्यांनी ती दर्शनी भागात टांगली आणि रोज सकाळी पुसायला सुरुवात केली. अंबूबाईंची आठवण आली की ते ढाल पुसायचे. त्यामुळे ती सारखीच पुसली जायची.

एक दिवस पुसताना त्यांचं नख 'खवले' या शब्दातून आरपार गेलं. त्यांनी हळूच 'दामोदर'वर बोट ठेवलं. दामोदर खाली सांडला.

मागून ती ठेंगणी कामकरीण बाहेर आली.

"हे माझं नाव होतं," खवले म्हणाले.

"नाव होतं होय? आम्हाला वाटलं, नवीन पुस्तक आलं. सरस होतं. आमच्याकडून पाच पानं."

मुलांनो, कादंबऱ्यांचा भुसा झाला, शब्दकोशांचा झाला, याने खवल्यांचा जीव कळवळला आणि ते पेटून उठले, असं मला तुम्हाला सांगायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. पुस्तकं जात होती तेव्हा ते पाणी शिंपडत होते. नाव गेलं, तेव्हा कुठे त्यांना भूक लागली.

त्यांनी जीभ बाहेर काढली आणि पहिल्या फळीपासून सुरुवात केली. कामकरणीने सेवेच्या दर्जाची आठवण करून दिली; तिचं वाक्य अर्धंच राहिलं. संध्याकाळपर्यंत खवले जेवत होते. पोट भरल्यावर मग त्यांना पुस्तकांचं वाईट वाटू लागलं, आणि ते इतकं वाटलं की भुशात बसून ते रडले. वेटोळं न करता रडले. आधी कधी असे रडले नव्हते.

निम्मी पुस्तकं शिल्लक होती. त्यातली एक कादंबरी घेऊन ते स्वतः अंबूबाईंच्या डोहावर गेले.

"पूर आलेली ती गेली, अंबूबाई. ही दुसरी आहे."

"पुरी आहे का?"

"पुरी आहे. मी शेवटपर्यंत वाचून बघितली." ग्रंथपाल झाल्यापासून त्यांनी वाचलेलं हे पहिलंच पुस्तक होतं.

"कशी आहे?"

"मध्ये जरा रटाळ आहे."

अंबूबाईंनी कादंबरी ठेवून घेतली. पाण्यात शिरता शिरता त्या म्हणाल्या, "एक पान देते. त्याच्यावर मागू नकोस."

खवले ते पान तोंडात धरून परत आले. ढोलीत टिटवीमॅडमचं खरमरीत पत्र येऊन पडलं होतं. आपल्या वाचनालयाचे लाखो समाधानी वापरकर्ते एकाएकी कुठे गेले, याचा तातडीने खुलासा करावा.

खवल्यांनी खरं तेच लिहिलं. "एकही वापरकर्ता वाचनालय सोडून गेलेला नाही. सर्व जण माझ्यापाशीच आहेत. या खेपेला माझं पूर्ण समाधान झालं आहे."

तात्पर्य : वाचनालयं पुस्तकांच्या प्रेमापोटी वाचतात, या भ्रमात कुणी राहू नये. ती वाचवायची असतील, तर प्रत्येक कपाटावर एकेका मोठ्या माणसाचं नाव कोरून ठेवावं, आणि लाकूड शक्य तेवढं मऊ घ्यावं.