नवरदेवाचे गाल बसले, त्याची हकीकत

चाकणच्या मुलखांत या प्रकरणी लोक नाना प्रकारे बोलतात. कोणी म्हणतो नवरदेवास कावीळ जाहली होती, कोणी म्हणतो पोरीवर जीव जडला म्हणून अन्न सुटले, आणि कोणी तर म्हणतो कंपनीने ब्रेक देऊन घरी बसविले ते लपवीत होता. सबब खरे वर्तमान लिहून ठेवणे प्राप्त जाहले. ज्यांनी पाहिले त्यांस पुसून, आणि ज्यांनी पाहिले नाही तरी बोलतात त्यांस गप्प करून, ही हकीकत लिहिली आहे. पदरचे मीठ घातले नाही. मीठही त्या दिवसांत बंद होते.

तरी प्रथम मूळ पुरुष. राजश्री दिग्विजयराव, वस्ती पिंपळे सौदागर, लिफ्टच्या समोरचा फ्लॅट, अव्वल मुलूख धाराशिव. चाकणांत पत्रा दाबण्याच्या कारखान्यांत प्रेस शॉपचे मानकरी, आणि पर्मनंट. हा किताब या मुलखांत सरदारकीहून थोर, सोयरिकी त्यावरच जुळतात. तर या पर्मनंट दिग्विजयरावांची सोयरीक आळंदीच्या ज्योतीराम यांची कन्या स्वप्नाली हिशी ठरली, आणि साखरपुडा मोठ्या थाटाने जाहला, आणि पंगतीत रावांनी आठ पुरणपोळ्या तूप ओतून फस्त केल्या, मग मुलीचे मामा साहेबराव यांस भरून आले आणि त्यांनी भर मांडवांत पुकारा केला की, "ह्याला म्हंत्यात खाता-पिता गडी! आमचा जावई हाय ह्यो, बगून घ्या!"

येथवर सर्व कुशल. पुढे साखरपुड्याचा व्हिडिओ आला.

त्यांत राव अंगठी घालण्यास वाकले, आणि पोटाने बंड केले, आणि शर्टाचे मधले बटन तोफगोळ्याप्रमाणे सुटून थेट कॅमेऱ्यावर चालून आले. व्हिडिओवाला कसबी. त्याने तो प्रसंग स्लो मोशनमध्ये फिरवून फिरवून दाखविला आणि मागे सनई लाविली. मग तो व्हिडिओ प्रेस शॉपच्या ग्रुपवर दाखल जाहला, आणि शिफ्टभर पोरे वाकून वाकून एकमेकांस अंगठ्या घालू लागली, आणि तोंडाने 'ठो' करू लागली. रावांची इभ्रत मातीमोल जाहली.

तेव्हां राव घरी येऊन आरशापुढे उभे राहिले, आणि बाजूने पाहिले, आणि श्वास आंत ओढून पाहिले, आणि सोडला. मग खरे काय ते कळले.

दुसरे दिवशी कंपनीमागच्या टपरीवर खलबत बसले. मसलतीस एकटा प्रज्वल, क्वालिटीचा, रावांचा जिगरी. याने वैद्यकी कोण्या गुरूपाशी शिकली नाही, मोबाइलवर रील पाहून शिकला, परंतु आव राजवैद्याचा.

"भावा, चपाती बंद," प्रज्वल बोलिला. "भात बंद. साखर तर विष. अंडी हाण फक्त."

"आणि चहा?"

"बिनसाखरेचा."

"मग तो चहा कसला राव? गरम पाणी नुसतं."

"बटन आठव."

रावांनी बिनसाखरेचा मागविला. त्याच बैठकीत फर्मान सुटले की चपाती, भाकरी, भात, पाव, पोहे, साखर, गूळ, बिस्किट, खारी या कुल कबिल्यास मुलुखाबाहेर हाकलून द्यावे. मिठासही तूर्त रजा द्यावी. अंडी, पनीर, काकडी यांस चाकरीस ठेवावे. आणि कंपनीच्या कॅन्टीनशी व्यवहार समूळ तोडावा. हे शेवटचे कलम सर्वांत नाजूक, हे पुढे कळेल.

घरच्या मुदपाकखान्यावर रावांच्या मातोश्री शालनबाई. त्यांस फर्मान वाचून दाखविले, तो त्यांनी कणकेची परात पुढे ओढली आणि मळतच राहिल्या. "दोन तरी खा की रे बाबा," म्हणाल्या. "कशाचं डाएट अन् फाएट. तुझा बाप बारा भाकरी खायचा, त्याला कुणी हसलं नाही." राव द्रवले नाहीत. मग बाईंनी चपात्या केल्या, आणि डब्यांत ठेविल्या, आणि डबा रावांच्या नाकासमोर उघडून परत लाविला. ऐसा मारा त्यांनी रोज चालविला.

परंतु यश विलक्षण आले. पहिल्याच आठवड्यांत चार किलो उतरले. मेडिकलच्या दुकानाबाहेर काटा होता, त्यावर राव चढले, आणि उतरले, आणि चपला काढून परत चढले, आणि आकडा तोच. मग राव रस्त्यांतच नाचले. प्रज्वलने ग्रुपवर विजयाचा डंका पिटला आणि हिशेब मांडला की या चालीने लग्नापर्यंत नवरदेव विद्यार्थिदशेस पोहोचतील, आणि ऐसेच चालत राहिले तर बारशापर्यंत पाळण्यांत मावतील.

स्वप्नालीबाई पिंपरीत रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये कामास. त्यांस फोनवर ही खबर दिली, तो तिकडून थंड जबाब आला.

"उड्या मारू नको. पहिल्या आठवड्यात जातं ते बरंचसं पाणी असतं."

"पाणी कसं असंल? चार किलो गेलं की!"

"अरे, आपण भात-चपाती खातो ना, त्यातली साखर अंगात साठते आणि ती स्वतःबरोबर पाणी धरून ठेवते. खाणं तोडलं की साठा संपतो आणि पाणी सुटतं. चरबी कुठं जातीये एवढ्यात? ती आहे तिथंच बसलीये पाय पसरून."

रावांस हे रुचले नाही. परंतु बाई बोलिल्या तैसेच घडले. किल्ले शरीर यावर हल्ला होतांच पहिल्या दणक्यास पाण्याची पलटण पळाली आणि इकडे डंके वाजले. पण चरबीची शिबंदी पोटाच्या बालेकिल्ल्यांत दाणागोटा भरून बसली होती, ती हलेना. दुसऱ्या आठवड्यांत काटा कुरकुरत एक किलो उतरला. तिसऱ्यांत रुसून बसला. त्यांत दैव असे की पोट बव्हंशी जागचे जागी आणि गाल मात्र बसले. डोळ्यांखाली खळगे. पँट कमरेवर टिकेना म्हणून पट्ट्यास टूलरूममध्ये नवीन भोक पाडून घेतले. एकंदरीत राव समोरून पाहता उपाशी दिसू लागले आणि बाजूने पाहता होते तैसेच.

आणि नेमके त्याच सुमारास साहेबराव मामा चौकशीस निघाले.

या मुलखाची रीत ऐसी आहे की साखरपुडा जाहला तरी लग्नापूर्वी मुलीकडील कोणी जाणता पुरुष कंपनीच्या गेटवर येऊन गुपचूप बातमी काढतो, की मुलगा कामावर येतो काय, पितो काय, भांडतो काय. मामा शिफ्ट सुटण्याच्या वेळी गेटवर आले, आणि टपरीवर चहा घेतला, आणि कॅन्टीनचे ठाणेदार अण्णासाहेब तेथे तंबाखू मळीत होते त्यांस बोलते केले.

"त्यो दिग्विजय, प्रेस शॉपचा. पोरगा कसा हाय?"

"पोरगं झ्याक हाय," अण्णासाहेब बोलिले. "पर जेवाय येईना झालंय. म्हैना व्हत आला, अंगठाच लावीत न्हाई जेवणाच्या हजेरीच्या मशिनीवर."

"बुधवारचं चिकन?"

"न्हाई."

"शुक्रवारचं गुलाबजाम?"

अण्णासाहेबांनी नुसती मान हलविली. मामांनी कप अर्धाच खाली ठेविला. त्यांचे शास्त्र सरळ होते: माणूस देव सोडील, गाव सोडील, परंतु धडधाकट असता कंपनीचे फुकट जेवण सोडणार नाही. इतक्यांत गेट उघडले, आणि राव स्वतः बाहेर पडले, गाल बसलेले, एका हाताने पँट सावरीत. मामांनी टपरीमागून पाहिले आणि तडक आळंदीकडे मोटारसायकल पिटाळिली.

रातोरात आळंदीत मसलत बसली. मामांनी निवाडा दिला की, "पोराला मोठा रोग हाय. छातीचा. म्या डोळ्यानं बगितलं, निम्मा झालाय. कॅन्टीन कुणी उगं सोडतं व्हय? पोरीला आगीत ढकलायची न्हाई, लगीन मोडा." ज्योतीराम भला माणूस, तो गोंधळला. स्वप्नालीबाई उठून म्हणाल्या की तो डाएट करतोय, रक्त मी स्वतः तपासलंय, हा घ्या रिपोर्ट. मामांनी कागदाकडे ढुंकून पाहिले नाही. "तुजीच लॅब, तुजाच रिपोर्ट. काय बी छापशील."

तेव्हां तोडगा निघाला तो ऐसा: रविवारी नवरदेवास मातोश्रींसह जेवावयास बोलवावे, आणि साखरपुड्यास खाल्ल्या तितक्या पुरणपोळ्या सर्वांदेखत खाव्यात. खाल्ल्या तर सोयरीक कायम. न खाल्ल्या तर अंगठी परत. बाईंनी ते फोनवर कळविले. मग राव बोलिले, "खातो. गेलं डाएट खड्ड्यात. तू जायला नकोस फक्त."

रविवार उगवला. राव आणि शालनबाई आळंदीस दाखल जाहले. पाट मांडले, ताट वाढले, कटाची आमटी, कुरडई, तूप, आणि परातभर पोळ्या. मामा समोर मांडी घालून बसले, नजर ताटावर. भावकी भिंतीस टेकून. आंत स्वप्नालीबाई पहाटेपासून पुरण वाटून आणि पोळ्या लाटून घामाघूम.

पहिली पोळी रावांनी अशी घेतली, जसा तुरुंगांतून सुटलेला गडी घराचा उंबरा पाहील. दुसरी सहज गेली. तिसरीही गेली, पण जाताना मागे वळून पाहत गेली. चौथीला घास फिरू लागला. इतके दिवस अंडी-काकडीवर काढलेले, पोटास सवयच तुटलेली. वर तूप जड आणि पुरण त्याहून जड. राव थांबले, आणि पाणी प्याले, आणि परत उचलली, आणि ठेविली. कपाळी घाम आला.

"बगा!" मामा गरजले. "घाम फुटला! म्या काय म्हनत व्हतो?"

"ठणठणीत हाय हो माझं लेकरू," शालनबाई पुढे सरून बोलिल्या. "अंडेच खायलालंय नुसतं, म्हणून असं झालंय."

"आई, थांब," राव म्हणाले, आणि हात पुन्हा पोळीकडे नेला, आणि हात ताटाच्या काठावरच राहिला. ज्योतीराम खाली पाहू लागला. मामा उठले, धोतर झटकले, आणि बोलण्यास तोंड उघडले.

तोच स्वप्नालीबाई आंतून आल्या. हात पिठाचे, पदर खोचलेला. त्या कोणाशी काही न बोलता रावांसमोर खाली बसल्या, आणि रावांचे ताट आपल्याकडे ओढिले, आणि ती अर्धी उष्टी चौथी पोळी उचलून, त्याच तुपांत बुडवून, खाऊ लागल्या.

भावकीत हाहाकार. एक चुलती तोंडास पदर लावून मटकन बसली. कारण ज्यास छातीचा रोग म्हणतात त्याचे उष्टे सख्खा भाऊ खात नाही; आणि नवऱ्याचे उष्टे खाणे ही लग्नानंतरची गोष्ट, ती या पोरीने मांडवाआधी, मामांच्या नाकासमोर, मांडी ठोकून केली.

"अगं ए! उष्टं हाय ते!" मामा ओरडले.

"माहितीये मला. भूक लागलीये," बाई घास चावीत म्हणाल्या. "पहाटेपासून तुमच्या परीक्षेच्या पोळ्या लाटतीये. मला कुणी विचारलं का जेवली का म्हणून? रोज शंभर माणसांचं रक्त बघते मी, मामा. रोगी माणूस मला कळत नाही आणि तुम्हाला टपरीमागून कळतो?"

मग त्यांनी पाचवी घेतली, अर्धी खाल्ली, आणि उरलेली अर्धी ताटांत ठेवून ताट रावांकडे ढकलिले, आणि सर्व वडीलधाऱ्यांदेखत, अहो नाही जाहो नाही, हुकूम केला: "हं. आता माझं उष्टं तू खा. एवढंच. मग बास."

नवरा बायकोचे उष्टे खातो, ही गोष्ट त्या घरांत कोणी पाहिली नव्हती, ऐकिली नव्हती. रावांनी ती अर्धी पोळी उचलली आणि खाल्ली, आणि बोटास लागलेले तूपही चाटिले, आणि ताट लख्ख केले.

ज्योतीराम यांस प्रथम हसू फुटले. मग शालनबाई डोळे पुसत हसल्या. मग भिंतीकडून हशा आला. मामा उभेच होते, त्यांस बसावे की जावे कळेना, शेवटी ते बसले, आणि हळूच म्हणाले की, "मोडा म्हनलं व्हतं ते मागं घेतो. हिच्याशी लगीन कराया तब्येत लागंल, ती ह्याच्यापाशी असंल तर असंल."

येणेप्रमाणे आळंदी मुक्कामी, रविवारी, साप्ताहिक सुट्टीचे दिवशी, भर दुपारी युद्ध जाहले आणि तह ठरला. अंगठी बोटांतच राहिली, लग्नाची तारीख कायम जाहली. दुसरे दिवशी काट्यावर दीड किलो परत आलेले आढळले. पळालेली पाण्याची पलटण पुरणाचा वास येतांच छावणीत हजर जाहली होती, त्याचा कोणी खेद केला नाही. या लढाईची फत्ते कोणाचे नावे लिहावी ऐसे दिग्विजयरावांस पुसले असता ते बोलिले की, "तिचंच घाला राव. आपण नुसतं खाल्लं." त्याप्रमाणे फत्ते स्वप्नालीबाईंचे नावे लिहिली असे.