वरच्या थरातले बारा शब्द

बारा शब्द! फक्त बारा! वरूडच्या बाजारात चाळीस वर्षं संत्रा विकलेल्या माणसाला बारा शब्दांचं काय ओझं? किसनरावांनी रविवारी सकाळी चहाआधीच ठरवलं, आज नातीशी तिच्या भाषेत बोलायचंच!

नात रागिणी अमरावतीला कॉलेजात शिकत होती. दर रविवारी दहा वाजता तिचा फोन यायचा, तो आजीला. दुर्गाबाई तासभर हसत बोलायच्या आणि शेवटी फोन नवऱ्याच्या हातात द्यायच्या. किसनराव विचारायचे, "जेवली काय?" ती म्हणायची, "हो." झालं बोलणं! दुर्गाबाईंना जाऊन आठ महिने झाले. फोन आधी पाच मिनिटांवर आला, मग दोनवर, आणि गेले तीन रविवार आलाच नव्हता.

मग काल सापडली दुर्गाबाईंची लोणच्याची वही. शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'व्हाइब: माणूस पाहून मनाले वाटते ते. घोस्ट करणे: फोन न उचलणे. नो कॅप: खोटं नाई, शपथ. विषय हार्ड: लय जोरदार.' असे बारा. म्हणजे ही बाई अभ्यास करून बोलत होती!

किसनराव लिहायला बसले. त्यांना रीत एकच ठाऊक. पेटी भरताना मोठं फळ वरच्या थराला, बारीक तळाला. तसंच केलं. बाराच्या बारा शब्द वर चकाचक रचले: 'हाय भाई रागिणी, तुझी व्हाइब कडक, विषय हार्ड, मला घोस्ट नको करू, नो कॅप...' मनातलं साधं बोलणं ठेवलं तळाला. बोट असं जाड की एक अक्षर दाबलं की तीन उमटत! दोन तासांनी संदेश गेला. गेला तो कुटुंबाच्या ग्रुपवर, कारण दुसरीकडे पाठवता येत नव्हतं. आणि फोनची बॅटरी संपली.

अकोल्यात मुलगा पंजाबराव उडालाच! वरच्या दोन ओळी वाचल्या आणि ओरडला, "बाबांचा फोन चोरला कोणीतरी!" लावून पाहिला तर बंद. त्यानं सिम बंद करवलं, ग्रुपवर इशारा टाकला आणि वरूडला मुनव्वरभाईंना कळवलं. मुनव्वरभाई किसनरावांचे शेजारी, संत्र्याच्या पेट्या ठोकणारे. ते हातोडीसकट धावले! मागून लाटणं घेऊन समोरच्या घरातल्या बेबीताई!

"किसनभाऊ, चोर किधर हाय?"

"कोणता चोर?"

"त्यानं रागिणीले भाई म्हटलं ना जी!"

"तो मीच व्हय!"

बेबीताईंनी आवाज खाली आणला. "भाऊजी, चोर आंदर हाय काय? बोलता येत नसन तं डोळे मिचकावा!"

"पंजाबनं तुमचं सिम बी बंद केलं, फिकर करू नका," मुनव्वरभाई म्हणाले.

"सिम बंद? काहून? आज रविवार हाय! पोरीचा फोन आला तं?"

दहा वाजले. अकरा वाजले. ओसरीत पंधरा माणसं जमली, त्यांतले चौघे चोर शोधायला माळ्यावर चढले! किसनराव मुका फोन मुठीत धरून निखाऱ्यावर बसल्यासारखे बसले.

दीड वाजता रागिणी दारात! एसटीतून उतरून तडक आलेली.

"तुले कोणी सांगतलं?"

"तुमीच तं लिवलं, आजोबा." तिनं फोन काढून संदेशाचा तळ वाचला. "'तुझी आजी गेल्यापासून रविवार लय मोठा वाटते. मले जेवली काय एवढंच विचारता येते. तरी फोन करत जाय.'"

मुनव्वरभाईंनी हातोडी पाठीमागे लपवली. "इतना नीचे कौन पढता है?"

"मी," रागिणी म्हणाली. "फोन आजी उचलणार नाई, म्हणून लावतच नव्हती मी." मग तिनं डोळे पुसले. "आन आजोबा, हे शब्द आता कोणी बोलत नाई. आजीले शिकवले त्याले दोन वर्षं झाले!"

"मंग नवे सांग!" किसनरावांनी वही उघडली आणि दुर्गाबाईंच्या अक्षराखाली आकडा टाकला. तेरा.

तिसऱ्या दिवशी सिम सुरू झालं. किसनरावांनी ग्रुपवर नीट, शुद्ध भाषेत लिहिलं, 'मी किसनरावच आहे. सर्व ठीक.'

अंजनगावच्या साडूंचं उत्तर लगेच आलं: 'सावध राहा! चोर मराठी शिकला!'