आगीचा पंप आणि मी

आमच्या इमारतीच्या तळघरात आगीसाठी एक डिझेल इंजिनवरचा पंप आहे. तो महिन्यातून एकदा चालवून बघायचा असतो. मेकॅनिक दोनदा बोलावूनही आला नाही, तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, "त्यात काय, मी करतो." (एवढं बोललो नसतो तर आज चारचौघांत मान वर करून फिरलो असतो.)

शनिवारी सकाळी मी माहितीपुस्तिका घेऊन खाली उतरलो. ऑइल पाहिलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या, सदरा काढून बाजूला अडकवला आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू! तळघर दणाणलं, माझी छाती फुगली.

दाब वाढू लागला. चाचणीचं पाणी टाकीत परत जावं म्हणून एक झडप आधी उघडायची असते, हे पुस्तिकेत पुढच्या पानावर होतं. मी त्या पानावर पोचलो तोवर भिंतीवरच्या पाइपाचा सांधा फुटला आणि पाण्याचा लोट थेट शेजारी उभ्या असलेल्या, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या नव्या गाडीवर!

मी किल्ली बंद केली. इंजिन चालूच. किल्ली उपसून काढली. किल्ली माझ्या मुठीत आणि इंजिन आपलं धडधडतंय! पाणी घोट्यापर्यंत आलं. शेवटचा उपाय म्हणून धावत जाऊन मी इमारतीचा मेन स्विच पाडला.

अंधार झाला. इंजिन चालूच. (डिझेल इंजिनाला विजेची गरज नसते म्हणे.) लिफ्टला मात्र असते. लिफ्टमधून आवाज आला, "कोण आहे बाहेर?"

सासूबाई! भाजी घेऊन वर निघाल्या होत्या.

"आई, मी आहे! घाबरू नका!" मी दाराच्या फटीतून ओरडलो.

"मी कुठे घाबरलेय? तुमचाच आवाज थरथरतोय. आग लागलीय का, जावईबापू?"

"नाही, आग नाही. पाणी आहे."

"मग आगीचा पंप कशाला लावलाय?"

"बघतो" म्हणालो आणि उगाच पाण्यात इकडून तिकडे पळालो.

इतक्यात बायको टॉर्च घेऊन जिना उतरून आली. डोक्याला टॉवेल, चेहऱ्यावर ते नेहमीचं 'आता काय?'. तिने इंजिनावर उजेड टाकला, माझा सदरा उचलला आणि त्याखालची लाल मूठ ओढली. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

"अहो, यावर काय लिहिलंय?"

मी वाकून वाचलं. "'बंद करण्यासाठी ओढा'."

"आणि तुम्ही त्यावर काय केलंत?"

"सदरा वाळत... म्हणजे, अडकवला."

मेन स्विच वर केला, सासूबाई सुखरूप बाहेर आल्या. त्यांनी आधी मेथी मोजली, मग माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांची गाडी मी दोन तास पुसली.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये पंपाची जबाबदारी एकमताने बायकोकडे गेली. (माझंही मत धरून.) पुढच्या महिन्यात चाचणी आटोपून ती वर आली, तेव्हा तिची चाचणीच्या नोंदींची वही मी सहज चाळली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं :

'इंजिन : ठीक. झडपा : ठीक. बॅटरी : ठीक. नवरा : घरात, बाहेरून कडी लावून.'