हिला इचारा

आमचे भानुदासकाका वीसेक वर्षं तेलंगणात राहतात आणि त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नाही. हे ते स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगतात. तिकडच्या कोणी काही विचारलं की गयाकाकूकडे बोट करायचं. "आपल्याला ती भाषा बिलकुल जमत न्हाई. हिला इचारा."

पिंपळगाव रेणुकाईची जमीन भावाभावांत वाटून इतकी चिंचोळी झाली की औत वळवायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागे. काकांनी आपला वाटा माझ्या वडिलांना दिला आणि काकूला घेऊन तिकडे कापूस करायला गेले. बैल तिथल्याच बाजारात घेतले. त्यांना मराठी कळेना. काकूने मात्र भाषा पटकन उचलली. मग औत काकांनी धरायचं आणि काकूने पुढे चालत बैलांना तेलुगूत हाका मारायच्या, असा संसार सुरू झाला. दुकानात काकू, बाजारात काकू. न्हाव्याकडेसुद्धा केस किती ठेवायचे ते शेजारी बसून तीच सांगायची. एकदा भांडणाच्या रागात तिने सरळ मिशी उतरवायला सांगितली. काका मुकाट बसून राहिले आणि घरी आरशात बघून बोंब मारली. ही गोष्ट काकू दर दिवाळीला सांगते आणि हसून हसून पदराने डोळे पुसते.

यंदा दोघं दिवाळीआधीच आली. काकूच्या गळ्यात गाठ होती. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, पण आवाजाच्या नसेला चिकटलीय. आवाज राहतो की जातो, ते काढल्यावरच कळेल."

ऑपरेशनला सांगितल्यापेक्षा फार वेळ लागत होता. काका बाहेरच्या बाकावर काकूच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. काकूचा आवाज गेला तर या माणसाचं तिकडे कसं होणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात पिशवीतला काकूचा फोन वाजला. तिकडची शेजारीण होती. काकांनी बंद दाराकडे पाहिलं, फोन कानाला लावला आणि घडाघडा तेलुगूत बोलायला लागले.

मी बघतच राहिलो. "काका, तुम्हाला येतं?"

"बैलाला येतं, मंग मला न्हाई येणार?" फोन ठेवून ते म्हणाले. "नवीन गेल्तो तव्हा ही दार लावून नुसती रडून राह्यली होती. मी भाईर बोलाय लागलो तशी जास्तच घरात बसली. मंग म्हन्लं, मला जमत न्हाई, तू चल. चार बायांत गेली अन् हसाय लागली."

"आणि मिशी?"

"खुर्चीवरच कळल्तं. उठलो असतो तर समदं उघडं पडलं असतं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आता हिचा आवाज गेला तर मलाच बोलावं लागंल. ही परत दार लावून बसंल."



दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी काकूला नाव विचारलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. काकांनी पलंगाची दांडी घट्ट धरली. काकूने आवंढा गिळला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गया."

थोड्या वेळाने परत फोन वाजला. काकांनी तो तिच्यापुढे धरला. "बघ, काय म्हनतेत. आपल्याला बिलकुल समजत न्हाई."

ती हळूहळू तेलुगूत काहीतरी बोलली. काकांना हसू फुटलं. ते त्यांनी मिशीत दाबलं आणि तिला विचारलं, "काय म्हन्लीस?"