वत्सलाबाईंच्या एका सालाचा खंड

श्री. चिंचेच्या सावलीस नमस्कार, ती सावली ज्यांनी घाम गाळून राखली त्यांस दुसरा नमस्कार, आणि फीच्या खिडकीतून ज्यांनी समोरचे माणूस ओळखिले त्यांस तिसरा. शके एकोणीसशे एक, सिद्धार्थी नाम संवत्सर, ज्येष्ठ मासापासून जे वर्तमान जाहले ते वत्सलाबाईंच्या वर्गात शेजारच्या बाकावर बसणारीने काही डोळ्यांनी पाहिले, काही त्यांच्याच तोंडून ऐकिले, ते आता म्हातारपणी आठवून लिहिते. संवत्सराचे नाव सिद्धार्थी आणि त्याच सालात विद्यार्थिनी घरी बसली, हा काळाचा विनोद.

राज्य लहान होते. पूर्वेस ओढा, पश्चिमेस एस.टी.चा थांबा, एवढीच सीमा. महाराज आप्पासाहेब, राणीसाहेब हौसाबाई, आणि कन्या एकच, वत्सलाबाई. राज्यात स्वतःची जमीन नव्हती आणि स्वतःचे झाडही नव्हते. दुसऱ्यांच्या बांधावरची चिंच, जांभूळ बहर पाहून खंडाने घ्यावी, म्हणजे त्या एका बहराचा पैसा झाडाच्या धन्याशी ठरवून टाकावा, निम्मा बहराला द्यावा, निम्मा तोडीनंतर द्यावा, आणि मधल्या काळात वारा, वांदरे, पाखरे काय नेतील ते आपण सोसावे, ऐसा तिथला कारभार. त्या कारभारावर कन्या विद्यानगरीस पाठविली, आणि कन्येने शास्त्र शाखेची दोन साले उत्तम गुणांनी सर केली, आणि महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळविली, आणि वसतिगृहात खिडकीजवळची खाट मिळविली. तिसरे साल तेवढे उरले होते.

मग ज्येष्ठात, कॉलेज उघडण्याच्या आधल्या आठवड्यात, महाराज जांभळावर चढले. जांभळाची फांदी दिसते जाड आणि असते ठिसूळ, हे त्यांस ठाऊक होते, परंतु टोकाचा घोस मोठा होता आणि कन्येची फी जवळ आली होती. फांदी मोडली, महाराज खाली आले, आणि नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि स्वच्छ सांगितले की साल पुरे होईपर्यंत झाडावर पाय ठेवायचा नाही, हाड कच्चे असता चढलात तर जन्मभर पाय ओढत चालाल. तेव्हा राज्यात मोठा पेच पडला. चिंचेच्या बहराचा भाव धन्याशी कोणी बोलायचा, फांदीवर कोणी चढायचे? महाराज खाटेवरून म्हणाले, "तू जा शिकायला. पायाचं काय, दुसरा हाय की." वत्सलाबाई म्हणाल्या, "आप्पा, दोन पायांनी झाडावर चढता येतं. एका पायानं फक्त माणसं हसवता येतात." महाराज पुष्कळ रागावले, जेवले नाहीत, परंतु खाटेवरून उठता येत नसल्यामुळे त्यांचा राग उंबऱ्याबाहेर गेला नाही. वत्सलाबाईंनी ट्रंक माळ्यावर टाकली आणि एक साल घरी राहिल्या.

त्याचे पैशाचे फळ लगोलग दिसू लागले. शिष्यवृत्ती आषाढातच थांबली. वसतिगृहातली खाट दुसऱ्या मुलीस गेली. जांभळाचा ठरलेला पैसा तर धन्यास द्यावाच लागला, फळ निम्मे झाडावरच सडले. मग भाद्रपदात वत्सलाबाई स्वतः चिंचा बोलण्यास निघाल्या. तात्या गुंजाळ म्हणून पाच मोठ्या चिंचांचे धनी होते, ते पारावर बसून म्हणाले, "पोरी, चिंच काय पुस्तकात बघून मोजतीस?" वत्सलाबाई म्हणाल्या, "पुस्तकात चिंचा लागल्या असत्या, तर तुमच्या बांधावर कशाला आले असते, तात्या?" पारावरची मंडळी हसली, तात्याही हसले, आणि हसता हसता भाव उतरला. मग माघ-फाल्गुनात त्या साडीचा काष्टा घालून झाडावर चढल्या, काठीने घोस झोडपले, राणीसाहेबांनी खाली चादर धरिली, आणि महाराजांनी ओट्यावर बसून चिंचा फोडल्या, चिंचोके काढिले. घर त्यावर चालले. चैत्रात महाराज काठी टाकून एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत गेले आणि चालत आले. ते पाहून राणीसाहेबांनी डोळ्यांस पदर लाविला आणि कन्येस म्हणाल्या, "आता तुजी ट्रंक काढ."

मग शके एकोणीसशे दोन, आषाढ मासी, मायलेकी विद्यानगरीच्या कचेरीत दाखल जाहल्या, आणि ही लिहिणारी सोबतीस गेली. राणीसाहेबांच्या रुमालात जो पैसा होता तो गेल्या सालच्या दराने पुरेल एवढा. हेडक्लार्क वाळिंबे म्हणून होते, ते कचेरीचे फडणीसच. त्यांनी कागद पाहिले आणि चष्म्यावरून राणीसाहेबांस विचारिले, "बाई, मुलीचा खंड पडलाय. त्याचं काय?"

राणीसाहेब ताठ होऊन म्हणाल्या, "पडला न्हाई सायेब. समद्यांचा खंड चुकता केलाय. तात्या गुंजाळास्नी इचारा."

"कोण गुंजाळ? कुठल्या वर्गाला आहे?"

"त्यो म्हातारा वर्गात कशाला बसंल? त्येच्या पाच चिंचा हाईत."

कचेरी हसू लागली. टंकलेखन करणाराने हात थांबविले. वत्सलाबाई लाल होऊन आईचा पदर ओढू लागल्या. वाळिंबे हसू दाबून म्हणाले, "अहो, मुलगी एक साल आली नाही, त्याला इथं खंड म्हणतात. खंड पडला की फेरप्रवेशाचा दंड पडतो, दीडशे रुपये. शिवाय फीचा दर यंदा वाढला. आणि शिष्यवृत्ती तुटली ती तुटली."

"म्हंजी ज्या साली आलीच न्हाई, त्या सालाचं पैसं?"

"दंड म्हणा."

राणीसाहेबांनी रुमाल पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. म्हणाल्या, "सायेब, आमच्यात एकांदं झाड एक साल बसतं. बसलं म्हून धनी त्येला दंड लावत न्हाई. पुढल्या साली जादा धरंल म्हून वाट बघतो."

"आई, पुरे आता," वत्सलाबाई म्हणाल्या.

"गप. तुज्यापायीच बोलाय लागलेय."

एवढ्यात हसण्याचा आवाज ऐकून प्राचार्य हुपरीकर आपल्या खोलीतून बाहेर आले. मोठा करडा माणूस, आम्ही मुली त्यांस पाहून जिना बदलीत असू. त्यांनी सारे ऐकून घेतले, आणि न हसता राणीसाहेबांस विचारिले, "झाडाचा पैसा कसा देता तुम्ही?"

"निम्मा बहराला, निम्मा तोडीला."

"आणि मध्ये गारा पडल्या तर?"

"तरी देतो. ठरलं त्ये ठरलं."

प्राचार्य वाळिंबेंकडे वळले आणि म्हणाले, "दंड माझ्या अधिकारात आहे, तो सोडा. फी मला सोडता येत नाही, पण खंडानं घेता येईल. निम्मी आज, निम्मी चिंच उतरल्यावर."

"साहेब, नोंद काय करू? चिंच?"

"हप्ता लिहा, वाळिंबे."

राणीसाहेबांनी हात जोडिले आणि लगेच विचारिले, "आनि त्या साठ रुपयांचं?"

"ते वरून येतात, बाई. तिथं माझा हात पोचत नाही."

"मग काठीनं पाडा की!"

तेव्हा प्राचार्य हसले. त्यांस हसताना आम्ही तेवढे एकदाच पाहिले. साठ रुपये मात्र कोणाच्याही काठीने पडले नाहीत. वत्सलाबाईंनी कुंभारगल्लीत एक खोली भाड्याने घेतली, दोन मुलांस गणित शिकवून भाडे भरिले, आणि रात्रीच्या जेवणास भाकरी गावाहून एस.टी.ने येई, ती कंडक्टर रोज हाक मारून देई आणि कधी त्याचे पैसे घेईना. त्या कंडक्टरचेही उपकार आहेत. नाव विचारण्याचे राहून गेले.

मग फाल्गुनात खरोखरच गारा पडल्या. तात्यांच्या पाच चिंचांखाली कोवळा-पिकला सारा माल चिखलात गेला, आणि राहिली ती शेंड्याच्या दाट पाल्याआडची फळे, जिथे काठी पोचत नाही आणि कोणी चढत नाही. राणीसाहेब म्हणाल्या, सायबाला काय तोंड दावायचं. तेव्हा महाराज आप्पासाहेब उठले, धोतर खोचले, आणि जो पाय एक साल जमिनीवर जपला होता तो बुंध्यावर ठेवून शेंड्यापर्यंत गेले. तात्या गुंजाळ खालून ओरडले, "आप्पा, उतर, म्हातारा झालास!" महाराज वरून म्हणाले, "हाड नवं हाय, तात्या!" आणि पाची झाडांचे शेंडे उतरविले. त्या सालात बाजारी चिंच थोडी, म्हणून भाव चढला, आणि फीचा दुसरा हप्ता परीक्षेच्या आधी कचेरीत पोचला. वाळिंबेंनी पावती फाडिली आणि म्हणाले, "बाई, तुमचा खंड मिटला." राणीसाहेब म्हणाल्या, "कंचा? तुमचा का आमचा?" वाळिंबे म्हणाले, "दोन्ही."

वत्सलाबाई पदवी घेऊन शिक्षिका जाहल्या. ज्या शाळेत ही लिहिणारी एक साल आधी लागली होती, तिथेच त्या लागल्या. ते एक साल पगारात कायम मागे राहिले. आमच्याहून एक वेतनवाढ कमी, दर महिन्यास कमी, बढतीही आमच्यानंतर, आणि शेवटी निवृत्तिवेतनातही कमी. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी दोघींनी हिशेब मांडिला, आणि आम्ही हळहळून म्हणालो, "वत्सला, त्या एका सालाचे केवढे पैसे झाले गं हे!" त्यांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाल्या, "आप्पा ऐंशीव्या वर्षापर्यंत काठीवाचून चालले. या भावात तसा पाय कुठं मिळतो, दाखव मला."

सारांश, शिष्यवृत्ती गेली, खाट गेली, वेतनवाढ गेली, ती परत आली नाही. प्राचार्य गेले, वाळिंबे गेले, महाराज गेले, राणीसाहेबही गेल्या, त्या सर्वांचे देणे आहे तसेच आहे, आणि ते फिटू नये ऐशी इच्छा आहे. वत्सलाबाई सुखरूप आहेत. आज सकाळीच त्यांनी फोनवर आम्हांस दम भरिला की गुडघा दुखतो तर जिने चढू नकोस, एक साल बस.