टीप : जेवून यावे

तुमच्या स्वयंपाकघरात डब्यांखाली जो कागद अंथरलाय, तो तुम्ही कधी वाचलाय का?

शेषराव सोनकांबळे वाचतात. लातूरमधल्या आमच्या गल्लीत ते कुणाकडे गेले की आधी बसत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जातात, फळीवरचा डबा उचलतात, खालचा कागद वाचतात, डबा जागच्या जागी ठेवतात आणि मग बाहेर येऊन "जयभीम" म्हणतात. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी त्यांच्या धास्तीनं लाडवांचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

लाडवांशी त्यांना घेणंदेणं नसतं. ते स्वतःचं लेखन तपासत असतात. जयंती, मोर्चा, बंद पडलेला नळ, वसतिगृहातलं करपलेलं अन्न, गेल्या तीस वर्षांत गल्लीतून निघालेलं प्रत्येक पत्रक शेषरावमामांनी लिहिलंय. वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर गल्लीतल्या फळ्या सजल्या. मी अक्षरं त्याच फळ्यांवर शिकले. मी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य "जाहीर निषेध" हे होतं असं आई सांगते. ते वाक्य नाही, हे तिला अजून पटलेलं नाही.

मामा डाळ मिलच्या वजनकाट्यावर नोकरीला. ट्रक काट्यावर उभा राहीपर्यंत एक वाक्य लिहायचं आणि ते हमालांना वाचून दाखवायचं. कुणी "म्हंजे?" म्हणालं की वाक्य खोडायचं. "वजन लई झालं," म्हणायचे.

कॉलेजात असताना मी एक पत्रक लिहून नेलं. त्यात 'व्यवस्थेच्या अमानुष संरचनेविरुद्ध' असं होतं. एका हमालानं पाठीवरचं पोतं खाली ठेवून विचारलं, "म्हंजे कुणाच्या?"

"सांग माय, कुणाच्या," मामा म्हणाले. "नाव घे. घेता येत नसंल तर संरचना लिही."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नाव घेतलं.

त्यांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ असते. 'टीप : जेवून यावे. भाषणे लांबतील.' एका वर्षी गल्लीतल्या मंडळात फूट पडली. दोन्ही गट मामांकडेच आले. मामांनी सकाळी एका गटातर्फे दुसऱ्याला गद्दार ठरवलं, दुपारी दुसऱ्यातर्फे पहिल्याला. संध्याकाळी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी लागली, दोन्हींच्या तळाशी जेवून येण्याची विनंती. लोक जेवून आले आणि दोन्ही सभा ऐकून गेले.

मध्यंतरी मी त्यांना मोबाइलवर एक बातमी वाचून दाखवली. परदेशातल्या एका विद्यापीठानं खास काळ्या लेखकांसाठी सर्जनशील लेखनात पीएच.डी.च्या जागा काढल्या होत्या. फी माफ, वर विद्यावेतन. कादंबरी लिहायची आणि डॉक्टर व्हायचं.

"मागितल्याबिगर कुणी देत न्हाई," मामा म्हणाले. "आधी पत्रक निघालं असंल. ते कुणी लिहिलं, हाय का त्यात?"

नव्हतं.

पुढे कळलं की तसंच बघून पुण्याकडच्या एका विद्यापीठानंही एक जागा काढलीय, आपल्यासारख्या समाजांतल्या लेखकांसाठी. वयाची अट नाही. मामा बाहेरून एम.ए. झालेले. मी अर्ज घेऊन काट्यावर गेले.

"सर्जनशील लेखन. म्हंजे?" या वेळी मामाच म्हणाले.

"मनानं रचून लिहायचं."

"मग ते मी करूनच राहिलो की. दर साली लिहितो, हजारोंच्या संख्येनं लोक येणार."

"मामा, कादंबरी लिहायचीय."

मामांनी काट्यावरच्या ट्रकचं वजन लिहून घेतलं. "खालच्या नावांवर लिहितो मग. पत्रकाखाली पन्नास विनीत असतात. नावं टाकायला जागा पुरायची, एकेकाची गोष्ट राहून गेली."

दुसऱ्या दिवशी काट्यावर दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर 'शेषराव सोनकांबळे'. त्यांच्या हातचं त्यांचं नाव मी पहिल्यांदा पाहिलं.

अर्जाच्या चौथ्या पानावर घोळ झाला. 'उमेदवाराच्या नावे प्रसिद्ध झालेले तीन लेख जोडावेत.' तीस वर्षांत मामांच्या नावे एक ओळ छापलेली नव्हती. विनीतांत ज्याची त्याची नावं, लिहिणाऱ्याचं सोडून.

मी भडकले. "कामून टाकलं न्हाई नाव?"

"माझं एकट्याचं टाकलं तर वाचणारा म्हणंल, ही शेषरावची अडचण हाय. पन्नास टाकली की ती गल्लीची होऊन जाती."

मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, पत्रकं मामांची आहेत एवढं लिहून द्या. अध्यक्ष म्हणाले, "खाली नाव कुणाचं हाय? माझं. मग लिहिलं कुणी?" मी हे मामांना सांगितलं. "नाव त्येचंच हाय," मामा शांतपणे म्हणाले. "खोटं कुठं बोलून राहिला."

विद्यापीठाला मी पत्र लिहिलं. त्यात संरचना नव्हती. उत्तर आलं : हे लेखन त्यांचंच आहे असं इतरांनी सहीनिशी लिहून दिलं तर चालेल, महिनाअखेरपर्यंत.

म्हणून मी घरोघर डबे उचलत फिरू लागले. मामांसारखीच, आधी स्वयंपाकघर. आमच्याच घरात मिठाच्या बरणीखाली एक कागद निघाला. मामांच्या बायको रमामामी गेल्या, तेव्हाच्या पुण्यानुमोदनाचं निमंत्रण होतं ते. विनीत म्हणून मामींचे भाऊ, महिला मंडळ, सगळी गल्ली. नवऱ्याचं नाव नाही. तळाशी टीप होती : 'जेवून यावे. घरी आता विचारणारे कुणी नाही.'

मग कळलं, ते डबे का उचलतात. हा एकच कागद ते शोधत होते की चुकवत होते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी तो परत बरणीखाली ठेवला. अर्जाला जोडणार नाही.

बाकीचे मात्र हवेत. लातूर, औसा, नांदेड, जिथं कुठं असाल तिथं आज उठून डबे उचला. तळाशी ती टीप सापडली तर कागदाच्या मागे लिहा, हे शेषराव सोनकांबळे यांनी लिहिलं, आणि खाली सही करा. महिना संपायच्या आत डाळ मिलच्या काट्यावर आणून द्या. दुपारी एकच्या सुमारास या. तेव्हा ते काट्यावर एकटेच डबा उघडून बसलेले असतात.

आणि या वेळी जेवून येऊ नका.